जीवशास्त्र हा तुरळक विषय नव्हे

अकरावी विज्ञानाचा ऑनलाइन अर्ज भरताना फक्त शाखा विचारतात. ग्रुप ठरतो तो नंतर, कॉलेजच्या खिडकीवर, मूळ कागदपत्रे दाखवून फी भरण्याच्या दहा-पंधरा मिनिटांत. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित), पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) की चारही? ज्या घरात आधी कुणी विज्ञान शाखेला गेलेले नाही, तिथे या प्रश्नाचे उत्तर शेजारचा मुलगा काय करतो यावरून दिले जाते. जागा मर्यादित असलेला कॉम्प्युटर सायन्सचा द्विलक्ष्यी (बायफोकल) विषय मिळाला तर तो घेण्याकडे सगळ्यांचा ओढा असतो. तो २०० गुणांचा, त्यामुळे दुसरी भाषा जाते आणि एक वैकल्पिक विषयही जातो. सहसा जाते ते जीवशास्त्र. ज्यांना द्विलक्ष्यी मिळत नाही, त्यातले कित्येकजण जीवशास्त्राच्या जागी भूगोल घेतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने त्या खिडकीवर वैद्यकीय शिक्षणाचे दार आपल्या हाताने लावून घेतलेले असते, आणि हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

हे दार पूर्वी कायमचे बंद व्हायचे. १९९७ च्या पदवीपूर्व वैद्यकीय शिक्षण नियमावलीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय अकरावी-बारावीची दोन वर्षे नियमित, सलग आणि प्रात्यक्षिकांसह शिकल्याची अट होती. बारावी झाल्यावर जीवशास्त्र वेगळे घेऊन उत्तीर्ण झालेला विद्यार्थी तिच्यात बसत नव्हता. मुक्त विद्यालयाचाही नाही. मुक्त विद्यालयाच्या मुद्द्यावर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द ठरवली. जून २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची नवी नियमावली आली; तिच्यात दोन सलग वर्षांचा उल्लेख उरला नाही. मग २२ नोव्हेंबर २०२३ च्या जाहीर सूचनेने आयोगाने स्पष्टच केले की बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी 'नीट'ला, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला, बसू शकतो. नीटसाठी कमाल वयाची अट २०२२ मध्येच निघाली होती. म्हणजे पीसीएम घेऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पोचलेला मुलगा, किंवा लग्नानंतर पुन्हा शिकू पाहणारी मुलगी, दोघांनाही आज कायद्याने वाट मोकळी आहे.

हा निर्णय योग्यच झाला. जीवशास्त्राची अट असायला हवी, हेही तितकेच खरे. या दोन विधानांत विरोध वाटत असेल तर तो वरवरचा आहे. विषय कोणत्या वयात शिकला याला महत्त्व नाही; तो खरोखर शिकला का, याला आहे. अमेरिकेत डॉक्टरकीला प्रवेश पदवीनंतर मिळतो, आणि तिथली बरीच वैद्यकीय विद्यालये एक वर्षाचे जीवशास्त्र मागतात, पण प्रयोगशाळेसह मागतात. कुणी पदवीनंतर वर्षभर रात्रीच्या वर्गाला बसून ते पूर्ण केले तरी चालते. आपल्याकडे उशिरा शिकण्याची सोय आता मिळाली. प्रयोगशाळेचे काय?

बारावीनंतर एखादाच विषय वेगळा देणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या राज्य मंडळाच्या भाषेत 'तुरळक विषय घेऊन प्रविष्ट होणारा' म्हणतात. आमचा सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो. बारावीच्या फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेचे अर्ज आदल्या वर्षी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कनिष्ठ महाविद्यालयामार्फत भरले जातात. त्याच मुदतीत पुनर्परीक्षार्थी, सतरा नंबरवाले (खासगी विद्यार्थी), श्रेणीसुधारवाले आणि तुरळक विषयवाले या सगळ्यांचे अर्ज जातात. जीवशास्त्राचा विषय सांकेतांक ५६. लेखी ७० गुण, प्रात्यक्षिक ३०. प्रात्यक्षिक परीक्षा लेखीच्या आधी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास सुरू होते. इथेच पहिला घोटाळा होतो. नीटची तयारी करणारी मुले मार्चपर्यंत वेळ आहे असे धरून चालतात आणि नोव्हेंबरची मुदत हुकवतात. एक वर्ष गेले. दुसरा घोटाळा प्रवेशाच्या वेळचा. या विद्यार्थ्याकडे दोन गुणपत्रके असतात, दोन वेगळ्या वर्षांची. एकावर भौतिक, रसायन आणि इंग्रजी. दुसऱ्यावर फक्त जीवशास्त्र. दोन्हींच्या मूळ प्रती जवळ हव्यात, दोन्हींवर नावाची अक्षरे आणि आईचे नाव जुळायला हवे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीने राजपत्राची प्रत आधीच काढून ठेवावी. नीटच्या अर्जात पात्रता परीक्षेचा सांकेतांक निवडताना आपली स्थिती कोणत्या ओळीत बसते ते माहितीपुस्तिका उघडून, शब्दाला शब्द लावून पाहावे. सायबर कॅफेवाल्याने भरलेला सांकेतांक नंतर दुरुस्त करायला फार थोडे दिवस मिळतात.

पण कागदपत्रे जुळवता येतात. खरी अडचण अभ्यासक्रमाच्या रचनेत आहे, आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष नाही.

तुरळक विषय म्हणून परीक्षा होते ती फक्त बारावीच्या पुस्तकावर. त्यात १५ धडे आहेत. अकरावीच्या पुस्तकातले १६ धडे कुणीच विचारत नाही. त्यांत काय काय येते? पेशीची रचना, जैवरेणू, पेशीविभाजन, प्राणी-उती, वनस्पती-उती, श्वसन आणि ऊर्जा, मानवी पोषण, उत्सर्जन, सांगाडा आणि हालचाल. माणसाचे शरीर आपल्या मंडळाने दोन वर्षांत विभागून शिकवले आहे: मूत्रपिंड अकरावीत, हृदय बारावीत, हाडे आणि स्नायू अकरावीत, मज्जासंस्था बारावीत. तुरळक विषयवाला विद्यार्थी रक्ताभिसरण शिकतो, पण रक्त गाळणारा नेफ्रॉन त्याने पाहिलेलाच नसतो. आनुवंशिकतेचा धडा तो पाठ करतो, पण अर्धगुणसूत्री विभाजनात गुणसूत्रांच्या जोड्या कशा सुटतात हे न कळता मेंडेलचे ९:३:३:१ गुणोत्तर लिहितो. नियमाच्या दृष्टीने अट पूर्ण झाली. शिकण्याच्या दृष्टीने निम्मा पायाच नाही.

नीट मात्र दोन्ही वर्षांचे विचारते. १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, ७२० पैकी ३६० गुण. समान गुण पडले तर आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात. तेव्हा कुणी म्हणेल, नीट आहेच ना चाळणी लावायला. बारावीच्या प्रमाणपत्राची वेगळी अट कशाला? या युक्तिवादात वजन आहे. नीटमध्ये चांगले गुण मिळवलेल्या मुलाने अकरावीचे १६ धडे कुठूनतरी वाचलेलेच असणार. पण नीट ही चार पर्यायांतून एक गोल काळा करण्याची परीक्षा आहे. तिच्यात सूक्ष्मदर्शकाला हात लावावा लागत नाही. नीटच्या सध्याच्या अभ्यासक्रमातून तर पचनसंस्थेचा वेगळा धडाही निघाला आहे. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात तो आहे. फक्त नीटच्या नोट्सवर चाललेला मुलगा यकृत आणि स्वादुपिंडाचे पचनातले काम न शिकता शरीररचनाशास्त्राच्या वर्गात जाऊन बसू शकतो.

सूक्ष्मदर्शकाचा मुद्दा समजून घ्यायला एक प्रयोग पुरेसा आहे. सोलापूरच्या बाजार समितीत हंगामात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. राज्यातल्या मोठ्या कांदा बाजारांपैकी हा एक. तोच कांदा पेशीविभाजन दाखवतो. जुना, सुकलेला कांदा घ्यायचा. नुकताच काढलेला सुप्तावस्थेत असतो, त्याला लवकर मुळे फुटत नाहीत. खालची वाळलेली मुळे तासून, बूड पाण्याला जेमतेम टेकेल असा बाटलीच्या तोंडावर ठेवायचा. तीन-चार दिवसांत दोन-तीन सेंटीमीटर मुळे येतात. ती सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान कापायची, कारण त्या वेळी विभाजन जोरात असते. एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड आणि तीन भाग अल्कोहोल यांच्या मिश्रणात चोवीस तास ठेवायची. मग एक मूळ काचपट्टीवर घेऊन सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब, ॲसिटोकार्मिनचे दोन-तीन थेंब, आणि स्पिरिटच्या दिव्यावर हलकीशी ऊब. रंग उकळू द्यायचा नाही. पाच-दहा मिनिटांनी गडद रंगलेले दोन-तीन मिलिमीटरचे टोक ठेवून बाकीचे मूळ काढून टाकायचे, पाण्याचा थेंब, वर आवरणकाच, सुईच्या मागच्या टोकाने हलके ठोके, आणि टिपकागदाखाली अंगठ्याने सरळ खाली दाब.

पहिल्या खेपेला हे बहुतेक बिघडते. रंग सुकला तर लाल स्फटिक दिसतात आणि मुलांना तीच गुणसूत्रे वाटतात. अंगठा आडवा सरकला तर पेशी फरफटतात. टोकाऐवजी वरचा भाग राहिला तर एकही विभाजन सापडत नाही. आणि सगळे जमले तरी भिंगाखालच्या बहुतेक पेशी नुसत्या गोल केंद्रकाच्या, स्वस्थ असतात. शेकडो पेशींतून शोधत जावे लागते. मग कुठेतरी मधल्या रेषेवर गुणसूत्रे ओळीने लागलेली दिसतात, पुस्तकातल्या आकृतीइतकी सुबक नाहीत, पण खरी.

एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात स्वतःचे बोट टोचून, रक्ताचा पातळ थर काचेवर ओढून, लीशमन रंग देऊन शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या असतात आणि प्रकारांनुसार त्यांची वाटणी लिहायची असते. ज्याने कांद्याच्या मुळात विभाजन शोधले आहे, त्याला या कामाची जात ओळखीची असते: आधी दहापटीच्या भिंगावर जागा धरायची, मग वर जायचे, मोठ्या भिंगावर जाड स्क्रूला हात लावायचा नाही, क्षेत्र सुटू न देता ओळीने पुढे सरकायचे, आणि पाहिजे ते दिसत नाही म्हणून दिसल्यासारखे लिहायचे नाही. पुढे हिवतापाचा परोपजीवी रक्ताच्या थरात शोधतानाही हीच शिस्त लागते. जीवशास्त्राच्या अटीचा माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग हा आहे. धडे घरी बसून वाचता येतात. ही नजर प्रयोगशाळेत बसूनच येते.

म्हणूनच नियमित विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांची अवस्था पाहून जीव तुटतो. दाखला तालुक्याच्या कॉलेजात, मुलगा क्लाससाठी लातूरला किंवा राजस्थानात कोट्याला, आणि प्रयोगवही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कुणाची तरी समोर ठेवून उतरवलेली. हे इतके रुळले आहे की यात काही चुकते आहे असे पालकांनाही वाटेनासे झाले. मग प्रात्यक्षिकाचे गुण भरभरून दिले जातात. त्याचा हिशेब मांडून पाहा. १९९७ च्या नियमावलीने तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि मागास प्रवर्गांना ४० टक्के गुणांची अट घातली होती, म्हणजे ३०० पैकी १५० आणि १२०. तीन प्रात्यक्षिकांचे मिळून ९० गुण. त्यातले ८० सहज मिळाले, तर २१० गुणांच्या लेखीत ७० मिळवून १५० होतात, ४० मिळवून १२०. जी अट विषय येतो की नाही हे तपासायला होती, ती न केलेल्या प्रयोगांच्या गुणांवर पार पडत असेल, तर तुरळक विषयवाल्यांकडे बोट दाखवण्याचा अधिकार नियमित व्यवस्थेला उरत नाही. (टक्केवारीबद्दल एक सूचना: ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेला आकडाच धरावा, मोठ्या भावंडाच्या वेळचा नियम धरून बसू नये.)

सोलापूरला आणखी दोन अडचणी आहेत, त्या पुण्या-मुंबईत बसून कळत नाहीत.

पहिली भाषेची. या जिल्ह्यात दहावीपर्यंत मराठीत, शहराच्या पूर्व भागात तेलुगूत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नडमध्ये, शिवाय उर्दूत शिकलेली मुले एका वर्गात येतात. अकरावी विज्ञान इंग्रजीत. कालपर्यंतची पेशी आज सेल होते, उतीची टिश्यू, तंतुकणिकेची मायटोकॉन्ड्रिया, सूत्री विभाजनाची मायटॉसिस. भौतिकशास्त्रात समीकरण तरी ओळखीचे राहते; जीवशास्त्रात शब्दच विषय असतो. जीवशास्त्र सोडणाऱ्या कित्येक मुलांनी विषय सोडलेला नसतो, या शब्दांना घाबरून पळ काढलेला असतो. नीटची प्रश्नपत्रिका मराठीसह १३ भाषांत मिळते, पण दोन वर्षे इंग्रजीत शिकलेल्या मुलाला शेवटी मराठी पर्याय घेऊन उपयोग होत नाही, कारण मधल्या दोन वर्षांचे मराठी शब्द त्याला कुणी दिलेलेच नसतात. अकरावीच्या पहिल्या महिन्यात पाचशे शब्दांची मराठी-तेलुगू-कन्नड-उर्दू-इंग्रजी यादी वर्गात लावून घेतली, तर यातली बरीच भीती जाईल. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये आनुवंशिकता आणि सजीवांतील जीवनप्रक्रिया ही मुले शिकूनच आलेली असतात. ज्ञान आहे, नाव बदलले आहे.

दुसरी सीमेची. विजयपूर आणि कलबुर्गी इथून जवळ. अक्कलकोट भागातली काही मुले दहावी इथे करून पुढची दोन वर्षे कर्नाटकात पीयूसीला जातात. भाषा ओळखीची, नातेवाईक तिथे. जीवशास्त्राची अट त्यातून पुरी होते. पण महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावे लागते, अपवाद मोजके. या मुलांना मग अखिल भारतीय १५ टक्क्यांतच झुंजावे लागते आणि सोलापूरच्या शासकीय महाविद्यालयातल्या राज्य कोट्याच्या जागांवर, घरापासून तासाभराच्या अंतरावर असूनही, हक्क सांगता येत नाही. तुरळक विषय म्हणून जीवशास्त्र घेणाऱ्यानेही तो महाराष्ट्रातल्याच मंडळाकडून किंवा राज्यातल्या केंद्रातून घ्यावा, हे ओघानेच आले.

आता उपाय. संगमेश्वर, वालचंद, दयानंद यांसारखी जुनी, प्रयोगशाळा असलेली महाविद्यालये शहरात आहेत. बार्शी, पंढरपूर, अकलूज इथेही विज्ञानाची कनिष्ठ महाविद्यालये आहेत. बहुतेक ठिकाणी जीवशास्त्राची प्रयोगशाळा संध्याकाळी आणि रविवारी कुलूपबंद असते. जिल्ह्यात अशा चार-पाच ठिकाणी तुरळक विषयवाल्यांसाठी एक वर्ग काढावा, त्यात अकरावी-बारावीचे मिळून ३१ धडे शिकवावेत, आणि प्रयोगवही त्या वर्गातल्या हजेरीवरच प्रमाणित करावी. वेळेचे गणित बसते. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सुमारे ३३ आठवडे मिळतात. दिवाळीचे दोन आणि संक्रांतीला गड्डा यात्रेचा एक वगळला तर तीस उरतात. आठवड्याला एक धडा, संवर्धन आणि परिसंस्थेचे धडे एकत्र घेतले की झाले. क्रम मात्र पुस्तकाचा ठेवू नये. पेशी, जैवरेणू, पेशीविभाजन, उती आधी. मग अकरावीचे पोषण, उत्सर्जन, सांगाडा आणि बारावीचे श्वसन-रक्ताभिसरण, नियंत्रण-समन्वय सलग, म्हणजे शरीर एकसंध दिसेल. त्यानंतर आनुवंशिकता, जैवतंत्रज्ञान, शेवटी वनस्पती आणि परिसर. रविवारी दोन-अडीच तास फक्त प्रयोग, एका सूक्ष्मदर्शकावर दोनच मुले. गणिताच्या मुलांना वनस्पतींचे वर्गीकरण रटाळ वाटते आणि ते शेवटी ठेवले की सुटून जाते, म्हणून त्याला डिसेंबरचा एक पूर्ण आठवडा राखून ठेवावा.

यावर आक्षेप येईल की यामुळे नीटला पुन्हा पुन्हा बसणाऱ्यांची गर्दी आणखी वाढेल, आणि दोन वर्षे जीवशास्त्र शिकलेल्या मुलांवर अन्याय होईल. गर्दी वाढेल, हे खरे. पण नीटमध्ये सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका असते. उशिरा आलेल्याला एकही गुण जादा मिळत नाही. अन्याय होतो तो त्याच्यावर, ज्याला दार उघडल्याचे कळतच नाही, किंवा कळूनही शिकवणारे कुणी नसल्याने जो क्लासच्या जाहिरातीला बळी पडतो. एका विषयाच्या एका वर्षासाठी विडी कामगाराच्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या घरातून पूर्ण नीट बॅचची फी भरली जाते, हे थांबवणे जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या हातात आहे.

आणि प्रवेशाच्या खिडकीवरचे काम तर आजही करता येईल. ग्रुप लिहून घेताना मुलाच्या आणि पालकाच्या हातात एक पान द्यावे, मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत: जीवशास्त्र सोडले तर एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी यांना अर्ज करता येणार नाही, पुढे विचार बदलला तर हा विषय वेगळा देता येतो, त्याचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच कॉलेजात भरायचा, प्रात्यक्षिक जानेवारीच्या अखेरीस. खाली मुलाची सही, पालकाची सही किंवा अंगठा. फी त्यानंतर घ्यावी.